दवाखान्यात कधी जायचं नाही आणि कधी चुकवायचं नाही

प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. घरात सहा माणसं, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मागच्या वर्षी दवाखान्यावर लाखाच्या वर पैसे गेले. मोठा खर्च वडिलांच्या लकव्यापायी नागपुरात झाला. बाकीचे 'ताप आला', 'कमजोरी आहे', 'अंग दुखून राहिलं' असे पाचशे-पाचशे करून गेले. बायकोचा दागिना गहाण आहे. हा खर्च कमी कसा करायचा आणि मेडिक्लेम काढावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, मेडिक्लेमचं शेवटी सांगतो, कारण तुमचा पैसा मुख्यतः तिथे अडलेला नाही. मी याच पट्ट्यात, वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत, अनेक वर्षं प्रॅक्टिस करतो आहे. आपल्याकडे माणूस गरज नसताना दवाखान्यात येतो आणि गरज असते तेव्हा येत नाही. ताप आला की त्याच संध्याकाळी सलाईन लागते, पण बीपी मोजायला वर्षभर कोणी येत नाही. तुमच्या घरातही हेच झालंय. आईला कमजोरीसाठी वर्षात चार-पाच वेळा 'बाटल' लावली. वडिलांची बीपीची गोळी मात्र दिवाळीत संपली, आणि बरं वाटत होतं म्हणून पुन्हा आणली नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

आधी त्या बाटलीबद्दल. पुढच्या वेळी सलाईन लावली की लेबल वाचा. साध्या सलाईनवर सोडियम क्लोराईड ०.९ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर तिच्यात पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. आपल्या एका ज्वारीच्या भाकरीत याहून कितीतरी जास्त ताकद असते. मल्टिव्हिटामिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं आणि घेणाऱ्याला वाटतं, औषध गेलं. दोन तास आडवं पडल्याने, पंख्याखाली विसावा मिळाल्याने आणि पाणी पोटात न जाता शिरेत गेल्याने थोडं बरं वाटतं, ते खोटं नाही. पण तेवढ्यासाठी चारशे-पाचशे रुपये आणि एका दिवसाची मजुरी देण्याची गरज नाही. तोंडाने पाणी जात असेल, उलटी होत नसेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, तर घरचं पाणी तेच काम करतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला आणि दिवसभर थोडं थोडं पाजा. ओआरएसचं पाकीट आशाताईकडे फुकट मिळतं. लहान लेकराला हगवण लागली तर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी बंद करायच्या नाहीत, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतला पुन्हा होणारा त्रासही त्यामुळे कमी होतो.

सलाईन लागतेच असेही प्रसंग आहेत आणि तिथे एक तासही घालवू नये. सतत उलटी, लघवी बंद, हातपाय थंडगार, डेंग्यूच्या तापात पोटात जोरात दुखणं, आणि मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस बरळायला लागणं. हा शेवटचा प्रकार उष्माघाताचा आहे. आपल्याकडे पारा ४५-४६ च्या वर जातो, तेव्हा तो दरवर्षी माणसं नेतो. त्याला सावलीत घ्या, कपडे ढिले करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता आई. बाई म्हणते 'अंगात जोरच नाही राहिला', आणि डॉक्टर बाटली लावतो. पण या कमजोरीमागे विदर्भातल्या बाईत बहुतेक वेळा रक्त कमी असतं, आणि ते मोजायला बोटातून एक थेंब लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन फुकट तपासतात. १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात. गोळीने शौच काळी होते, मळमळतं, म्हणून बाया आठवड्यात सोडून देतात. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळी आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू पिळा, हिवाळ्यात पेरू खा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांनी ऐकायची आहे. घरातली बाई सगळ्यात शेवटी जेवते, आणि तोवर भांड्यात वरणाचं पाणी उरलेलं असतं. तिच्या ताटात घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी आणि जवसाची चटणी आधीच काढून ठेवली, तर त्याचा उपयोग कुठल्याही टॉनिकहून जास्त होतो. पाळी गेलेल्या बाईचं रक्त मात्र सारखं कमी होत असेल, तर ते कुठून जातंय हे शोधावंच लागतं. तिथे गोळीवर भागवू नका.

त्याच वेळी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या, आईची आणि लेकरांचीही. पूर्व विदर्भात आणि यवतमाळच्या काही भागांत हा आजार बराच आहे. हातपाय दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुखण्याची इंजेक्शनं घेत राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती नंतर सिकलसेलची निघाली. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि तपासलेल्याला कार्ड मिळतं. ते कार्ड जपा. पुढे लग्नं जुळवताना दोन्ही बाजूंची कार्डं पाहिली तर येणाऱ्या लेकराचा आयुष्यभराचा त्रास टळू शकतो.

वडिलांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा दागिना तिथे गेला. बीपी वाढला तरी माणसाला काही जाणवत नाही, डोकंही बहुतेकांचं दुखत नाही. म्हणूनच गोळी बंद होते. 'बरं वाटतंय' ते गोळीमुळे वाटत असतं असंही नाही, बीपी २०० झाला तरी बरंच वाटतं, आणि एखाद्या सकाळी तोंड वाकडं होतं. बीपीच्या साध्या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात, आणि जनऔषधीच्या दुकानात घेतल्या तरी महिन्याचा खर्च एका सलाईनपेक्षा कमी येतो. तुमचे नागपुरात गेलेले पैसे आणि ही गोळी समोरासमोर ठेवून पाहा.

मोजण्याचीही एक पद्धत आहे, नाहीतर आकडा चुकतो. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं. अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा (तंबाखू-सुपारी) काही नको. हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवायचा, बोलायचं नाही. दोनदा मोजायचं. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर बीपी आहे असं धरायचं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. बायांच्या स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही त्यातच आहे. तुमचं स्वतःचं वय चाळिशीच्या आसपास दिसतं आणि वडिलांना बीपी आहे, म्हणजे तुम्ही वर्षातून एकदा मोजलंच पाहिजे.

साखर निघाली तर आपल्याकडे मुख्य धोका पायाला आहे. अनवाणी शेतात जाणं, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटाची जखम, पायाला बधिरता आल्यामुळे ती कळतच नाही, आणि मग बोट काळं पडतं. साखर असलेल्याने रोज रात्री पाय धुऊन, दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला दिसत नसतील तर घरच्याने बघायच्या.

घरात मीठ-तेल किती जातं हेही मोजता येतं, आणि हे मी प्रत्येक घराला करायला सांगतो. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे. म्हणजे तुमच्या सहा माणसांच्या घराला महिन्याला ९०० ग्रॅम, एका पुड्यापेक्षा जरा कमीच. पुडा फोडला की त्यावर तारीख टाका. वीस दिवसांत संपला तर बीपीला कारण घरातच आहे. लोणचं, पापड आणि लेकरांच्या चटपटीत पुड्यांतलं मीठ त्यावर वेगळं. तेलाचं तसंच आहे, माणशी महिन्याला अर्धा-पाऊण किलोच्या आत ठेवा. सावजीची तर्री सणावाराला खा, माझी हरकत नाही. पण रोजच्या भाजीवर बोटभर तेल नको. ज्वारीची भाकर सोडून दोन वेळा मैद्याची बिस्किटं आणि चहा, हे आता खेड्यातही शिरलंय. ते बंद करायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

आता खर्रा. या विषयावर मी थोडं जास्त बोलणार आहे. तुम्ही लिहिलं नाही, पण घरात कोणी ना कोणी खात असेल, असं धरून चालतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. आपल्याकडे तोंडात खर्रा राहिलाच. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकवर घोटून दिलेला. लोकांना वाटतं, दोष तंबाखूचा आहे. सुपारीही स्वतः कॅन्सर करणारी आहे, तंबाखू नसलेली सुद्धा. सुपारीने गालाचं आतलं कातडं आखडत जातं. पहिली खूण आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळावी अशी आहे: तिखट सोसेनासं होतं. ठेचा, झणझणीत रस्सा आयुष्यभर खाल्लेला माणूस अचानक म्हणतो, तोंड पोळतं. मग तोंड उघडणं कमी होतं. आपली आपण तपासणी करा: हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही जात नसतील तर थांबू नका. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, तरीही तेच. या पायरीवर दाखवलं तर छोट्या उपचारावर भागतं. गाठ गळ्यात उतरल्यावर आलेल्या माणसाचा अर्धा जबडा जातो, वर्ष जातं आणि शेत विकावं लागतं.

पैशाचा हिशोबही करून पाहा. वीस रुपयांचा एक खर्रा, दिवसाला तीन, तर वर्षाला जवळपास २२ हजार. बऱ्याच घरांत हा आकडा दवाखान्याच्या खर्चाहून मोठा असतो. सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात, चिडचिड होते, झोप उडते. त्या दिवसांत तोंडात बडीशेप, ओवा, भाजलेलं जवस ठेवा, गोड सुपारी मात्र नको. तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला काम द्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे. एकदा पुन्हा खाल्ला म्हणून सगळं वाया गेलं असं धरू नका. बहुतेक जण दोन-चार प्रयत्नांनीच सोडतात.

अंगदुखीची इंजेक्शनं. निंदण-वेचणीच्या दिवसांत कंबर धरते, हे मला ठाऊक आहे. पण दर आठवड्याला दुखण्याचं इंजेक्शन आणि मेडिकलवरून नुसत्या नावाने आणलेल्या लाल-पांढऱ्या गोळ्या किडनी खराब करतात, आणि बीपी-शुगरवाल्याची तर लवकर करतात. वडिलांना त्या अजिबात देऊ नका. शेक द्या, तेल चोळा, पॅरासिटामॉल द्या. गावात येऊन पन्नास रुपयांत 'पॉवरचं इंजेक्शन' देणाऱ्या माणसाकडे पदवी आहे का ते विचारा. बऱ्याचदा त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस घोड्यासारखं वाटतं आणि पुढे हाडं, साखर, पोट सगळं बिघडतं.

तापाच्या बाबतीत पहिले दोन दिवस पाणी, पॅरासिटामॉल आणि आराम, एवढ्यावर बहुतेक ताप जातात. मलेरियाची बोटातल्या थेंबाची तपासणी आशाताई घरी येऊन करते. पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, ताप पाच दिवसांवर गेला तर काख, कमरेचा पट्टा, जांघ नीट पाहा. सिगारेटने पोळल्यासारखी, न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरला स्वतःहून दाखवा. ते स्क्रब टायफसचं, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाचं, लक्षण असतं. २०१८ साली नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत या आजाराने पुष्कळ माणसं दगावली. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन नावाच्या जुन्या, अगदी स्वस्त गोळीने तो बरा होतो. उशिरा कळला तर आयसीयूत जातो.

शेतकरी घराचे दोन मोठे खर्च एका दिवसात येतात, फवारणी आणि साप. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली होती. तुमच्या शेतात मजूर फवारत असेल तरी हे तुमच्यावर आहे: वाऱ्याच्या दिशेनेच फवारणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क, चष्मा, मध्येच त्याच हाताने खर्रा नाही, काम झाल्यावर साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुणं. औषधं मनाने एकत्र करू नका. मळमळ, घाम, डोळ्यांसमोर अंधारी आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. डब्यावरचं नाव पाहूनच उतारा ठरतो.

सापासाठी खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, सकाळी पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. हात-पाय हलवू न देता दवाखान्यात न्या. प्रतिविषाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं धारेखाली साबणाने जखम धुवा आणि लसीचे सगळे डोस घ्या. पहिलं इंजेक्शन घेऊन थांबणारे बरेच असतात.

पाण्याचं एक वाक्य. तुमच्या भागात काही बोअरवेलना फ्लोराईड जास्त आहे. ते पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. गावातल्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायची मागणी करा आणि तोवर दुसऱ्या स्रोताचं प्या.

आता मेडिक्लेम. आधी जे हक्काचं आहे ते घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे लागत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत कॅशलेस होतात. ती आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं, जन्मतारखा जुळतात का ते आत्ताच पाहा, कारण अडतं ते तिथेच, आणि तेही मध्यरात्री कॅज्युअल्टीत. आयुष्मान कार्ड काढून ठेवा. घरात सत्तरीच्या वरचं कोणी असेल तर उत्पन्न न पाहता त्यांना वेगळं कार्ड मिळतं. मोठ्या दवाखान्यात पाय टाकला की पैसे भरण्याआधी आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचा तिथला मदतनीस, कुठे बसतो ते विचारा. तुमच्या वडिलांच्या वेळी कोणी ते विचारलं नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतं.

हे सगळं झाल्यावर खाजगी विमा परवडत असेल तर तुमच्यासाठी आणि बायको-लेकरांसाठी तरुणपणीच काढा. वडिलांसाठी हप्ता जड येईल, आणि आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हप्ता कापूस विकल्याच्या महिन्यात ठेवा. सेवाग्रामच्या दवाखान्याने १९८० च्या दशकात गावांकडून सुगीला ज्वारी घेऊन विमा चालवला, तो याच विचाराने, की शेतकऱ्याकडे द्यायला असतं तेव्हाच घ्यावं.

येत्या आठवड्यात वडील, आई आणि तुम्ही, तिघंही उपकेंद्रात जा. वडिलांची नागपूरची सगळी फाईल, डिस्चार्ज कार्ड आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. ती पिशवी घरात एकाच खुंटीला लटकवून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला त्याच तपासण्या पुन्हा लिहाव्या लागणार नाहीत.